डोक्यावरचे दोन मजले

दवाखान्यातून घरी येऊन तिनं पिशवी खुंटीला अडकवली, चपला पायानंच कोपऱ्यात सारल्या आणि सवयीनं आतल्या खोलीच्या भिंतीकडे पाहिलं, तर काच तुटलेली होती. भिंतीत छतापासून खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत एक तडा उतरला होता, केसाएवढा. त्या तड्यावर इंजिनिअर बाईंनी बोटभर रुंदीची एक पातळ काच आडवी चिकटवून ठेवली होती. भिंत जराशी जरी सरकली, तरी आधी काच तुटेल, असं त्यांनी समजावून सांगितलं होतं. काच शाबूत आहे तोवर खुशाल झोपा. काच शाबूत आहे की नाही हे ती सकाळी जाताना बघायची आणि दुपारी आल्यावर बघायची. आज तिचा एक तुकडा भिंतीला चिकटून होता आणि बाकीचे खाली फरशीवर, बाबांच्या पलंगाच्या पायाशी पडलेले होते. ते बघताच तिच्या मनात जो पहिला शब्द उमटला तो होता, सुटले. बाप रे नाही, आता काय नाही. सुटले. कुणीतरी पाठीवरचं ओझं मागच्या मागे उचलून घ्यावं तसं वाटलं, पुरतं एका श्वासाएवढंही नाही. आणि मग भीती आली. ती आली ती त्या शब्दाच्या मागोमागच, जणू दाराबाहेर उभी राहून आधी तो शब्द आत जायची वाट बघत होती.

बाबा खिडकीपाशी त्यांच्या लाकडी खुर्चीत बसले होते. मांडीवर काठी आडवी, डोक्याला कानटोपी, पाठ भिंतीकडे. वरती हातोड्यांचे ठोके चालले होते, ते घरभर भरून राहिले होते. तिनं त्यांच्या समोर जाऊन विचारलं, काच कधी तुटली? ते म्हणाले, "काय?" तिनं पुन्हा विचारलं, शब्द सुटे सुटे करून, ओठ नीट हलवून, दवाखान्यात म्हाताऱ्यांशी बोलते तसं. त्यावर ते प्रसन्नपणे म्हणाले, "चहा? घेऊ की." एरवी ती यावर हसली असती. आज तिनं भिंतीकडे बोट दाखवलं. बाबांनी मान वळवून त्या दिशेला पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि पुन्हा खिडकीबाहेर बघत राहिले.

हे सगळं आपणच होऊ दिलं, असं तिला वाटलं. शहराला पसरायला जागा उरली नव्हती. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला डोंगर, आणि मधल्या पट्टीत माणसं दाटीवाटीनं, पेटीत कपडे कोंबावेत तशी. तेव्हा गृहमंडळानं ठरवलं की जुन्या सरकारी वसाहती पाडायच्या नाहीत, त्यांच्यावरच आणखी दोन दोन मजले चढवायचे. लाकडाचे आणि पत्र्याच्या हलक्या सांगाड्याचे, कारखान्यात भिंती तयार करून आणायच्या आणि वर नेऊन जोडायच्या. खालच्या लोकांनी घर सोडायचं नाही, राहत्या घरातच राहायचं. बदल्यात इमारतीला लिफ्ट मिळणार, नवीन खिडक्या, नवीन नळ. सभा खाली अंगणात झाली होती. तळमजल्यावरची शिंपीणबाई उभी राहून म्हणाली होती की, माझ्या भाचीला लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी घर नाही, सासूच्या स्वयंपाकघरात पडदा लावून झोपतात दोघं. वरती कुणाला घर मिळत असेल तर माझं काय जातं? माझ्या डोक्यावर आधीच चार मजले आहेत, आणखी दोनांनी मी काही चपटी होत नाही. सगळे हसले होते. ती मात्र हसली नव्हती, कारण तिच्या डोक्यावर काहीच नव्हतं. सगळ्यांत वरचं घर तिचं होतं. पण बाबांचे गुडघे गेले होते, चौथा मजला आणि जिना, आणि गेली तीन-चार वर्षं ते खाली उतरलेच नव्हते. न्हावी घरी येत होता, डॉक्टर घरी येत होते. लिफ्ट म्हटल्यावर नाही म्हणायला तिला तोंड नव्हतं. तिनं हात वर केला होता. तो हात वर जाताना तिला स्वतःचाच वाटला नव्हता.

हे घर आईनं निवडलेलं. वसाहत नवीन होती तेव्हा लोक खालचे मजले मागून घ्यायचे, पाण्याचा दाब चांगला, सामान चढवायला नको. आईनं एकटीनं सांगितलं, मला शेवटचा मजला द्या. तिचं बालपण एका तळघरातल्या खोलीत गेलं होतं, वर मोठं कुटुंब. त्यांच्यात भांडण झालं की आईच्या ताटात छताचा चुना पडायचा. कोण जेवलं, कोण रुसलं, कोण किती वेळ येरझाऱ्या घालतंय, सगळं तिला खालून कळायचं आणि त्यांना मात्र ती खाली आहे हे माहीतही नसायचं. "आपल्या डोक्यावर कुणी नको," आई म्हणायची, "आभाळ चालेल. आभाळ पाय आपटत नाही." ही गोष्ट ती येईल त्या पाहुण्याला सांगायची आणि पाहुणा हसेपर्यंत थांबायची. आईला जाऊन आता खूप दिवस झाले. याच खोलीत, याच भिंतीशी. आजार लांबला होता, शेवटी शेवटी तिला कूस बदलायलाही दोघं लागायची. गेली तेव्हा भेटायला आलेला जो तो म्हणत होता, सुटली बिचारी. तेव्हा तिला त्या शब्दाचा राग आला होता. सुटायला काय आई तुरुंगात होती? मग ती वाळलेले कपडे आणायचं निमित्त करून गच्चीवर गेली होती आणि टाकीच्या आडोशाला बसून पोटभर रडून घेतलं होतं. पोटभर हा शब्दही तिला तेव्हाच नीट कळला. पुढेही कधी मन भरून आलं की ती गच्चीवर जायची. आता ती गच्ची नव्हती. तिथं कुणाच्या तरी स्वयंपाकघराची जमीन अंथरली जात होती.

तिचं काम कानांचं होतं. सरकारी दवाखान्यात ती लोकांची ऐकण्याची तपासणी करायची. माणसाला बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं की बारीकसा जरी आवाज आला तरी दाबा. इतक्या वर्षांत तिला कळलं होतं की लोकांना आवाजापेक्षा शांतता सोसत नाही. आपण मुद्दाम काही वाजवलं नाही, नुसतं थांबून राहिलं, की थोड्या वेळानं आतला माणूस अस्वस्थ होतो आणि बटण दाबतो. त्याला खरंच काहीतरी ऐकू आलेलं असतं. नसलेला आवाज कान स्वतःच तयार करतो. आणि काही बनेल असतात, ऐकू येत असून येत नाही म्हणणारे. त्यांना ती हमखास ओळखायची. पाठ फिरवून हळूच म्हणायची, तुमच्या शर्टाचं बटण तुटलंय. हात लगेच शर्टाकडे जायचा. दवाखान्यात तिचं यासाठी नाव होतं. पण वरचं काम सुरू झाल्यापासून तिची स्वतःची गत त्या बंद खोलीतल्या माणसासारखी झाली होती. हातोडा चालू असताना तिला काही वाटायचं नाही. हातोडा थांबला की कान टवकारायचे. छत करकरलं का? भिंतीत काही सरकलं का? पाऊल वाजलं का? गच्चीचा वरचा जुना थर फोडला त्या दिवशी हा तडा दिसला, आणि तिनं इंजिनिअर बाईंना हाताला धरून आणलं. बाई तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, जाड चष्म्याच्या, बोलताना पेन्सिल केसात खोचून विसरणाऱ्या. त्यांनी तड्यावरून नख फिरवलं आणि सांगितलं की हा नुसत्या गिलाव्याचा आहे, बहुतेक जुनाच, हादऱ्यानं रंग उडाला म्हणून दिसला. तरी तिच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाल्या, तुमच्या समाधानासाठी काच लावते. समाधान कसलं, काच लागली आणि घरात आणखी एक आजारी माणूस आल्यासारखं झालं. येता जाता त्याची चौकशी.

बाबांना मात्र वरच्या कामाचं केवढं अप्रूप. ते पोस्टमन होते. साऱ्या शहराचे जिने चढून उतरून झालेले, पत्ता अर्धवट असला तरी माणूस शोधून काढणारे. त्यांना एकच काळजी पडली होती की वरच्या घरांना नंबर कुठले देणार. अधल्यामधल्या नंबरांनी पोस्टमनचे हाल होतात, असं ते तिला बजावून सांगायचे, जणू नंबर तीच देणार होती. कानांचं म्हणाल तर ते बरेच गेले होते, पण किती गेले होते ते तिला, कानांची तपासणी करणाऱ्या बाईला, आजवर कळलेलं नव्हतं. एकदा पूर्वी तिनं त्यांना दवाखान्यात नेऊन बसवलं होतं. ते आतून आवाज ऐकायचे सोडून तिच्याकडेच बघत राहिले, आणि तिचा खांदा हलला की बटण दाबायचे. लेकीला बरं वाटावं म्हणून. तिनं तो तपासणीचा कागद फाडून टाकला होता.

तिनं इंजिनिअर बाईंना फोन लावला. बाई वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्यांनी काचेचं ऐकून घेतलं, घाबरू नका म्हणाल्या, वरचं काम थांबवायला सांगते, तुम्ही दोघं त्या भिंतीपासून लांब बसा, मी निघालेच. आवाज अगदी सरळ होता. पण फोन ठेवला आणि थोड्याच वेळात वरचे हातोडे थांबले. एक थांबला, दुसरा थांबला, मग कुठलं तरी यंत्र घुरघुरत होतं तेही थांबलं. इतक्या दिवसांत भरदुपारी असं कधी झालं नव्हतं. ती खोलीच्या मधोमध उभी होती. आता ऐकू येईल, असं तिला वाटलं. काय ऐकू येईल ते ठाऊक नव्हतं. आणि तिला कळलं की हे घर पडलं तर ती जिन्यावरून धावत सुटेल, बाबा इथंच खुर्चीत बसून राहतील, टोपी घालून, चहाची वाट बघत. मघाच्या त्या शब्दाला चेहरा फुटला. सुटले म्हणजे कोणापासून? सकाळी उठून त्यांचं अंथरूण आवरणं, अंघोळ घालणं, दुपारी दवाखान्यातून पळत येणं, बहीण परगावाहून फोनवर सांगते तसं 'तू आहेस म्हणून बरं' हे ऐकणं, आणि चार भिंतींमध्ये दोघांनी एकमेकांना पुरवून पुरवून वापरलेला तोच तो दिवस. घर राहण्यालायक नाही असं कुणीतरी शिक्का मारून सांगितलं असतं तर काय झालं असतं? कुणीतरी येऊन म्हणालं असतं, बाई, तुमचा दोष नाही, पण आता हे इथं चालायचं नाही. हेच तिला हवं होतं. आईच्या वेळी लोकांनी जो शब्द आईसाठी वापरला तो आपण आपल्यासाठी वापरला, आणि बाबा अजून समोर बसलेले असताना. ती बाबांपुढे उकिडवी बसली आणि त्यांच्या गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाली, आपण खाली जायचं. आत्ता. या खेपेला ते काय म्हणून विचारायला विसरले. "बरं," म्हणाले, आणि टोपी नीट केली.

तिनं जिन्यात जाऊन वरच्या दिशेनं हाक मारली. काम थांबल्यामुळे वरची माणसं मोकळीच होती. एक सुतार आणि त्याचा जोडीदार खाली आले. सुतार पन्नाशीचा, आडवा, भुवयांत लाकडाचा भुसा अडकलेला. दारात चपला काढायला लागला तर ती म्हणाली, राहू द्या, वडिलांना खाली न्यायचंय, त्यांना उतरता येत नाही. त्यानं बाबांकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, खुर्ची हलवून तिचे पाय पक्के आहेत का ते तपासलं. मग स्वतः पाठ धरली, जोडीदाराला पुढचे पाय धरायला लावले आणि बाबांना सांगितलं, आजोबा, हात मांडीवर ठेवा, कठड्याला धरू नका, नाहीतर तुम्ही तिथं आणि खुर्ची इथं. बाबांनी शहाण्या मुलासारखे हात मांडीवर ठेवले. ती काठी घेऊन मागून निघाली. दार ओढून घेताना तिनं किल्ली घेतली नाही. कशासाठी घ्यायची, असं काहीसं मनात आलं.

तिसऱ्या मजल्यावर वळण अरुंद होतं. तिथं त्यांनी खुर्ची टेकवली आणि दम खाल्ला. सुतारानं कपाळ पुसताना तिच्या हातातल्या काठीकडे पाहिलं. मग तिच्या हातातून ती सहज घेतली, उलटी धरली आणि भिंतीवर हलकेच ठोकली. एक ठोका, थोडं थांबून दोन. बाबांचा चेहरा बदलला. लबाडी पकडली गेल्यावर माणूस आधी हसतो, तसे ते हसले. सुतार म्हणाला, म्हणजे ते तुम्ही होय. आणि मग तिला सांगायला लागला की, रोज दुपारी चहाच्या सुट्टीच्या सुमाराला खालून ठोके यायचे. आधी त्यांना वाटलं कुणीतरी वैतागलंय, आवाज बंद करा म्हणून भिंत बडवतंय. पण हा त्याचा जोडीदार म्हणाला की, रागाचे ठोके असे नसतात. म्हणून मग त्यांनी वरून तसेच ठोके दिले, तर खालून लगेच उत्तर. तेव्हापासून रोजचंच झालं. ते चहाला बसायच्या आधी ठोकायचे आणि खालून पोच यायची. "आज मात्र एकच आला," सुतार म्हणाला, "जोरात. आणि पुढं काहीच नाही. मी याला म्हटलंही, आज काहीतरी बिनसलंय."

ती बाबांकडे बघत राहिली. कानानं ऐकू न येणारा माणूस हातानं भिंतीतून ऐकत होता, आणि तिला, जिला अख्खा दवाखाना कानांची डॉक्टर म्हणायचा, याचा पत्ता नव्हता. रोज दुपारी ती यायच्या आधी. बाबा गुडघ्यांकडे बघत होते. मग ते बोलले, आणि नेहमीसारखं मोठ्यानं नाही, साध्या आवाजात बोलले.

"काच माझ्याच हातून फुटली, चिमे. काठी सटकली."

पन्नाशीला आलेल्या बाईला चिमी म्हणणारं आता जगात एवढं एकच माणूस होतं. तिला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग ती जिन्याच्या पायरीवरच बसली. भिंत हलली नव्हती. घर पडत नव्हतं. छत जागच्या जागी होतं, तडा जुनाच होता, आणि चौथ्या मजल्यावर चुलीशेजारी सकाळी धुवून ठेवलेले कप पालथे होते. मघाशी काच बघून जे वाटलं तेही सुटणंच होतं आणि हेही सुटणंच होतं, पण हे वेगळं होतं. त्यात कुणी मागे राहत नव्हतं. सुतार अवघडून उभा होता. घरातलं काही चाललंय आणि आपण मध्ये आहोत, हे त्याला कळलं असावं. थोड्या वेळानं त्यानं हळूच विचारलं, मग कसं करायचं, परत वर नेऊ?

तो हळू बोलला होता, बाबांच्या मागे उभा राहून. तरी बाबांची मान चटकन वर झाली आणि त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं ते पाहिलं. कुणाच्या शर्टाचं बटण तुटलंय असं म्हणायची गरज उरली नाही. पण त्या डोळ्यांत बनेलपणा नव्हता. तिथं जे होतं ते इतकं उघडं होतं की तिनंच नजर खाली वळवली.

"नाही," ती म्हणाली. "खालीच न्या."

पुढच्या जिन्यात बाबा सगळीकडे बघत होते. प्रत्येक दाराशी खुर्ची क्षणभर मंदावत होती, कारण बाबा पाट्या वाचत होते. एका दारावरचं आडनाव बदललं होतं, त्यावर त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दारापुढे कुणाच्या तरी लहान मुलाची सायकल होती, तिच्यामुळे सगळ्यांना तिरपं व्हावं लागलं आणि सुतारानं सायकलला दोन शिव्या घातल्या, बाबांना ऐकू येत नाही असं समजून. बाबा हसले. तळाशी पत्रपेट्यांची रांग होती, गंजलेली. तिथं त्यांनी हात वर करून थांबायला सांगितलं, आपल्या घराच्या पेटीचं झाकण बोटानं उचललं, आत डोकावले आणि झाकण नीट खाली सोडलं. मग अंगणातलं ऊन आलं. ते एकदम अंगावर आलं आणि बाबांनी डोळे मिटून घेतले.

शिंपीणबाईनं दारातून पाहिलं आणि हातातला कपडा तसाच टाकून बाहेर आली. अगंबाई, हे कोण आलंय, असं म्हणत तिनं बाकावर उशी आणून ठेवली, बाबांना बाकावर बसवलं आणि चहा टाकायला आत गेली. अंगणाच्या अर्ध्या भागात तयार भिंती उभ्या करून ठेवल्या होत्या, खिडक्या बसवलेल्या, काचा पुसलेल्या. घराच्या आधी घराच्या खिडक्या आल्या होत्या. बाबा त्या खिडक्यांतून पलीकडचा रस्ता बघत होते.

इंजिनिअर बाई घाईघाईनं आल्या तेव्हा तिला ओशाळल्यासारखं झालं, पण तिनं काठीची हकीकत सांगून टाकली. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, तरीही मला बघू द्या. दोघी वर गेल्या. बाईंनी भिंतीवरचा तुकडा बॅटरीच्या उजेडात पाहिला, फरशीवरचे तुकडे जुळवून पाहिले. काचेच्या मधोमध चांदणी उमटली होती आणि फुटण्याच्या रेघा तिथून बाहेर गेल्या होत्या. भिंत सरकली असती तर काच तड्याच्या रेषेवर सरळ तुटली असती, त्यांनी दाखवलं. मग एक पारदर्शक पट्टी तड्यावर ठेवून त्याची रुंदी मोजली. पहिल्या दिवशी होती तेवढीच होती. "आणि एक लक्षात घ्या," त्या तुकडे कागदात गोळा करत म्हणाल्या, "तुमच्या गच्चीवरचा जाड कोबा आम्ही काढला, पाण्याच्या टाक्या काढल्या. त्यांचं ओझं तुमच्या डोक्यावर होतंच की इतकी वर्षं. तुम्हाला ते दिसत नव्हतं इतकंच. नवीन घरं त्यापेक्षा जड आहेत, पण लोकांना वाटतं तेवढी नाहीत, आणि खालचा पाया तपासल्याशिवाय आम्ही एक खिळासुद्धा ठोकलेला नाही." त्यांनी नवीन काच लावली, थोडी उंच, काठी पोचणार नाही अशी. जाता जाता केसातली पेन्सिल त्यांना स्वतःहून सापडली. ती छताकडे बघत राहिली. आभाळ पाय आपटत नाही, असं म्हणताना आईच्या डोक्यावर एवढं मोठं ओझं होतं, भरलेल्या टाक्यांचं, आणि त्याखाली ती निर्धास्त झोपत होती. आईला हे सांगितलं असतं तर ती काय म्हणाली असती? म्हणाली असती, सांगितलंस कशाला.

खाली आली तेव्हा बाबांचा चहा पिऊन झाला होता आणि बशी मांडीवर होती. ती त्यांच्या शेजारी बसली. शिंपीणबाई आत मशीनवर होती, सुतार आणि त्याचा जोडीदार वर गेले होते. मग तिनं, समोर बघत, आवाज न चढवता, त्यांना ऐकू गेलं तर जावो आणि नाही गेलं तर नको अशा बेतानं सांगितलं की, काच तुटलेली पाहिली तेव्हा मला आधी बरं वाटलं, बाबा. भीती नंतर वाटली. आधी बरं वाटलं.

बाबांनी बशी बाकावर ठेवली. "मलाही," ते म्हणाले.

तिनं वळून पाहिलं.

"फुटली तेव्हा जिवाचं पाणी झालं. म्हटलं आता तू रागावणार. मग वाटलं, नाही सांगितलं तर? तुला वाटेल भिंत गेली. मग तुला मला खाली आणावंच लागेल. तू सांगत होतीस लिफ्ट येईल, लिफ्ट येईल. मला वाटायचं, ती येईपर्यंत मी असेन की नाही. तुला घाबरवलं. हे बरं नाही केलं मी."

इतके दिवस ती समजत होती की त्या चार भिंतींत फक्त आपणच बसलो आहोत, दार उघडायची वाट बघत, आणि बाबा नुसतेच तिथं आहेत, खुर्चीसारखे, खिडकीसारखे. पलीकडून कुणीतरी तेच दार ढकलत होतं. मला का नाही सांगितलंत, मी कुणाला तरी बोलावलं असतं, असं ती म्हणाली. त्यावर ते म्हणाले की, तू दमून येतेस, तुझ्या चेहऱ्याकडे बघून माणसाला तहान लागली तरी तो पाणी मागणार नाही. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात नाही, चेष्टेच्या सुरात सांगितलं, आणि तिला ते खरं वाटलं म्हणून हसू आलं. ती हसायला लागली आणि थांबता येईना. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा शिंपीणबाई मशीन थांबवून दारात आली आणि दोघांकडे आळीपाळीनं बघून म्हणाली की, एवढं हसायला काय झालं ते मलाही सांगा, इथं मी कुणाच्या तरी बाह्या उलट्या जोडून बसलेय. मग तिनं हिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. वर जा, म्हणाली. जरा पडून घे. यांना मी बघते, हे काही पळून जात नाहीत. सुतारांची सुट्टी होईल तेव्हा तेच वर आणतील, मी सांगते त्यांना. आणि उद्याही खाली आणा म्हणून सांगते. माझ्या दारात बसून हे पाट्या आणि पत्ते सांगतील, तेवढीच मला करमणूक.

तिनं नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. नाही, मी आहे ना, हे तिच्या जिभेवर इतक्या वर्षांचं बसलेलं वाक्य. ते आलं नाही. ती उठली आणि जिना चढायला लागली. हातात काही नव्हतं, ना पिशवी, ना भाजी, ना औषधं. वर घराचं दार ती मघाशी ओढून गेली होती ते तसंच होतं, नुसतं लोटलेलं. आत कुणी नव्हतं. घरात कुणी नाही असं घर तिनं किती दिवसांत पाहिलं नव्हतं. खुर्चीच्या जागी फरशीवर चार पायांचे चार फिकट डाग होते. ती आपल्या पलंगावर आडवी झाली, नुसती पाठ टेकायला. वरती पावलं वाजली, काहीतरी घसटत गेलं, कुणीतरी कुणाला तरी इकडे धर म्हणालं, आणि मग हातोडे सुरू झाले, एकाच्या मागे दुसरा. तिथं कुणाचं तरी घर होणार होतं. कुणीतरी त्या जमिनीवरून अनवाणी चालणार होतं, खुर्ची सरकवणार होतं, भांडं पाडणार होतं, आणि खाली कोण राहतं हे विचारणार होतं किंवा नव्हतं. शिंपीणबाईच्या भाचीला मिळालं तर तिला ती सांगेल, भिंतीवर ठोकायचं असेल तर हळू ठोक. खिडकी लावून घ्यावी, आवाज कमी येईल, असं तिला वाटलं. त्यासाठी उठायचं म्हणून तिनं हात उशीखालून काढला, आणि तेवढ्यात झोप लागली. इतके दिवस पाल चुकचुकली तरी जागी होणारी ती बाई, डोक्यावर दोन मजले चढत असताना, भर दुपारी, तोंड उघडं टाकून झोपली.

जाग आली तेव्हा भिंतीवरचं ऊन वर सरकून छताला लागलं होतं. हातोडे थांबले होते. तिनं कान दिला नाही, कान आपोआपच उघडे होते. खालच्या अंगणातून बाबांचा आवाज येत होता. ते कुणाला तरी समजावून सांगत होते की वरच्या मजल्यांना पुढचे सरळ नंबर द्या, अ आणि ब करू नका, अ आणि ब नी घोळ होतो. कुणीतरी वाद घालत होतं. बाबा ऐकून घेऊन उत्तर देत होते. त्यांना ऐकू येत होतं की ते ओठ बघत होते, की हवं ते येत होतं आणि नको ते येत नव्हतं, कोण जाणे. मग सुताराचा आवाज, मग खुर्ची उचलल्याची खडखड, आणि जिन्याच्या तळापासून वर चढत आलेली ती हाक.

"चिमे, दार उघड गं."

दार उघडंच होतं.

"आले," ती म्हणाली, आणि कूस बदलली.